यांचं लायसन्स तीन महिने काढून घ्या, साहेब

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

धुळवडीच्या संध्याकाळी नाकाबंदीत माझ्या नवऱ्याला मशीनमध्ये फुंकायला लावलं. आकडा आला ९४. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम दारूची. मशीनमधून निघालेली ती चिठ्ठी मी डाळीच्या डब्याखाली जपून ठेवली आहे. शाई उडत चालली, पण आकडा अजून वाचता येतो.

कोर्टात १०,००० रुपये दंड झाला. तो माझ्या भिशीतून भरला. घरी येऊन हे म्हणाले, "पैसे गेले, विषय संपला." लायसन्स यांच्याच खिशात होतं, मग विषय संपणारच. दंड यांना लागलाच नाही, मला लागला.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ प्रमाणे पोलिसांनी अशा वेळी लायसन्स जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडे पाठवायचं असतं. तो म्हणणं ऐकून पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवू शकतो, पुन्हा सापडल्यास लायसन्स रद्द करू शकतो. परत मिळवायलाही उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. अपात्र असताना गाडी चालवली तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. सगळं लिहून ठेवलेलं आहे, साहेब. आमच्या घरी सुनावणीची नोटीस आजवर आली नाही.

तान्ह्या पोळ्याला लेक लाकडी बैल सजवून दारात उभी होती. हे पिऊन आले आणि तिला म्हणाले, "चल, एक चक्कर मारून येऊ." ती बैल बगलेत धरून मागे बसायलाही लागली होती. मी किल्ली काढून घेतली. त्यावरून घरात जे व्हायचं ते झालं. ती किल्ली माझ्या आधी सरकारने काढून घ्यायला हवी होती.

टेस्टमध्ये जो फेल, त्याचं लायसन्स त्याच दिवशी परवाना अधिकाऱ्याकडे रवाना व्हावं, एवढं करा. आणि नाक्यावर नुसतं कार्ड बघून सोडू नका, 'सारथी' या सरकारच्या ऑनलाइन लायसन्स नोंदीत त्याचं लायसन्स चालू आहे का ते तपासायला लावा.

हिंगण्याला कामावर जायला यांना सीताबर्डीहून लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो आहे. लेकीला शाळेत मी सोडेन. तीन महिने आमचं घर गाडीवाचून चालेल.

आपली,
एका मुलीची आई, नागपूर