ऊर्जामंत्र्यांना खुलं पत्र: न्यूट्रलचे पैसे कोण देणार?

मा. ऊर्जामंत्री,
कर्नाटक सरकार, विधानसौध, बंगळूर

साहेब, नमस्कार.

आमच्या गल्लीत नव्या जोडणीला स्मार्ट मीटर बसून पाच महिने झाले. बसवताना सांगण्यात आलं होतं की मोबाईलवर रोजचा वापर दिसेल आणि रीडिंगला दारात कुणी येणार नाही. गेल्या आठवड्यात दारात माणूस आला. गळ्यात बिलाचं यंत्र. मीटरच्या काचेपुढे वाकून त्यानं आकडा वाचला, बोटानं यंत्रात भरला आणि पट्टी फाडून हातात दिली. मोबाईल अजून गप्पच आहे.

2025 च्या फेब्रुवारीत बंगळूर भागात नव्या जोडण्यांना हा मीटर सक्तीचा झाला, तेव्हा सिंगल फेजचा दर 4,998 रुपये होता. तोही ग्राहकाच्याच खिशातून. केंद्राच्या योजनेत तेव्हा मीटरमागे 900 रुपयांपर्यंत तरी अनुदान होतं. पाच हजारांचा मीटर वाचायला पुन्हा माणूसच लागत असेल, तर यातलं स्मार्ट नक्की काय आहे ते एकदा सांगा.

यंत्र वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. दर अर्ध्या तासाला तो वापर, व्होल्टेज आणि करंट नोंदवतो. दिवसाला 48 नोंदी, महिन्याला 1,440. रात्री बाराला रोजचा आकडा वेगळा ठेवतो आणि एक तारखेला बिलाचा आकडा स्वतःच गोठवतो. झाकण उघडलं, लोहचुंबक लावलं, करंट उलटा फिरला, तरी तारीख-वेळेसह लिहून ठेवतो. दोष एवढाच की हे सगळं एकाच दिशेनं जातं. तुमच्याकडे नोंदी, आमच्याकडे बिल.

आता न्यूट्रलबद्दल. वीज घरात आणते ती फेजची तार, परत नेते ती न्यूट्रलची. बेळगावात वडगाव, शहापूर, अनगोळ इथली जुनी घरं एकमेकांना चिकटून आहेत. वाटणी झाली की चुली वेगळ्या होतात, मधे भिंत येते, धाकटा नवी जोडणी घेतो. वायरिंग मात्र वडिलांच्या काळातलंच राहतं. वायरमन फेज तोडून नव्या मीटरला जोडतो, कारण तिथे चूक झाली तर लगेच कळते. न्यूट्रल तोडायचा राहिला तरी दिवे लागतात, पंखे फिरतात, म्हणून तो राहूनच जातो. भाऊ वेगळे झाले तरी न्यूट्रल एकत्र कुटुंबातच नांदतो.

हा मीटर फेजमधून गेलेला करंट मोजतो आणि न्यूट्रलमधून परत आलेलाही मोजतो. दोन्हीत फरक पडला तर जो जास्त असेल त्यावर युनिट पाडतो. न्यूट्रल काढून अर्थिंगवर वीज ओढणारे सापडावेत म्हणून ही सोय आहे, आणि ती योग्यच आहे. अलीकडचे साधे इलेक्ट्रॉनिक मीटरही हेच करतात. पण एकत्र न्यूट्रलच्या घरात काय होतं बघा. धाकट्याकडे 4 अँपिअर चालू आहेत, थोरल्याकडे सगळं बंद. परतीचा करंट दोन्ही न्यूट्रलमधून अर्धा-अर्धा गेला असं धरू. धाकट्याच्या मीटरवर फेज 4, न्यूट्रल 2. आकारणी 4 वर. थोरल्याच्या मीटरवर फेज शून्य, न्यूट्रल 2. आकारणी 2 वर. वापर 4 चा आणि वसुली 6 ची. 2 अँपिअर म्हणजे 460 वॅट. दिवसातले आठ तास असं चाललं तर महिन्याला 110 युनिट, तेही घराला कुलूप असताना.

याचा फटका थेट गृहज्योतीला, म्हणजे महिन्याला 200 युनिटपर्यंतच्या राज्याच्या मोफत वीज योजनेला बसतो. थोरल्याची 2022-23 ची सरासरी 120 युनिट असेल, तर 10 टक्के धरून 132 पर्यंत बिल शून्य. त्याच्या 120 मध्ये हे 110 मिळाले की आकडा 230 वर जातो, 200 ची रेघ ओलांडली जाते आणि मग पूर्ण बिल लागतं. 2025-26 च्या दरानं 5 रुपये 80 पैशांप्रमाणे 1,334 रुपये, पेन्शन-ग्रॅच्युइटीचे युनिटमागे 36 पैसे म्हणजे आणखी 83, एका किलोवॅटचा स्थिर आकार 145. कर सोडून 1,560 च्या वर. तुमच्या कर्मचाऱ्यांची पेन्शनसुद्धा आम्ही भावाच्या न्यूट्रलवर भरायची. धन्य आहे!

तपासणी अवघड नाही, आणि ही काउंटरवर कुणी सांगत नाही म्हणून इथेच लिहितो. आपल्या घरातले सगळे एमसीबी (मेन स्विचनंतरचे छोटे स्विच) पाडा, मेन स्विच चालूच ठेवा. शेजारच्या घरात 1000 वॅटची इस्त्री लावायला सांगा आणि आपल्या मीटरवरचा लाल दिवा बघा. आपल्याकडे काहीच चालू नसताना तो लुकलुकला, तर न्यूट्रल कुठेतरी जुळलेला आहे. मीटरच्या तोंडावर युनिटला 3200 पल्स लिहिलेले असतील आणि करंट निम्मा वाटला जात असेल, तर मिनिटाला साधारण 27 वेळा लुकलुकेल. मग मेन स्विच पाडा. डबल पोल असेल तर न्यूट्रलही तुटतो आणि दिवा थांबतो. एकेरी असेल तर फेज तुटूनही दिवा चालूच राहतो. जुन्या घरांत बहुतेक ठिकाणी एकेरीच सापडेल. दुरुस्ती म्हणजे दोन घरांमधला न्यूट्रलचा जोड शोधून तोडायचा आणि मीटरनंतर डबल पोल स्विच बसवायचा. काम अर्ध्या दिवसाचं. ते परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. चुकीच्या जागी न्यूट्रल सुटला तर घरातली उपकरणं जायची.

साहेब, गंमत अशी की फेज आणि न्यूट्रलमधल्या फरकाची ही गोष्ट मीटर स्वतःच 'अर्थ लोडिंग' म्हणून नोंदवतो. कधी सुरू झाली, कधी थांबली, सगळं. म्हणजे कोणत्या घरात न्यूट्रल अडकला आहे ते कार्यालयात बसून कळू शकतं. त्या यादीवर लाईनमन धाडला तर माणसांचे पैसे वाचतील. पण अशी यादी दिसली की आधी चोर आठवतो आणि दक्षता पथक निघतं. लाईनमनला मात्र गाडी मिळत नाही.

चोरीचा विषय निघालाच आहे, तर टीसीचा, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरचा, हिशोबही सांगतो. टीसीवर एक मीटर, खाली घरोघरी मीटर. वरच्या आकड्यातून खालची बेरीज वजा केली की गळती कळते. टीसीवर दिवसाला 900 युनिट, घरांची बेरीज 780, तर 120 युनिट म्हणजे 13.3 टक्के गेले. शाळकरी पोरालाही जमेल. पण कोणता आरआर नंबर (बिलावरचा जोडणीचा क्रमांक) कोणत्या टीसीवर आणि कोणत्या फेजवर आहे, ही वही बरोबर असेल तरच. टीसी जळली की लाईनमन रातोरात दहा घरं शेजारच्या टीसीवर टाकतो, कार्यालयातली वही तशीच राहते. दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या टीसीवर गळती दिसते आणि जुनी टीसी घेतली त्यापेक्षा जास्त वीज विकते! संगणकावर मग आख्खी गल्ली चोर ठरते.

अशीच अदलाबदल मीटर बसवतानाही होते. एका फेरीत वीस मीटर लावायचे, त्यात दोन डब्यांचे नंबर उलटसुलट चढले की माझं बिल तुम्हाला, तुमचं मला. आणि जुना मीटर बदलून हा लावला असेल तर शेवटच्या आकड्याचा फोटो ग्राहकासमोर काढलेला नसला की तक्रार जागीच मरते. काढलेला मीटर भंगारात गेला, आता कुठला पुरावा?

खानापूर तालुक्यात कणकुंबी, जांबोटीच्या जंगलपट्ट्यात मोबाईलवर बोलायला लोक उंचवट्यावर जातात. मीटरनं कुठे जायचं? अर्ध्या तासाच्या नोंदी मीटरमध्ये 35 दिवस राहतात, नंतर त्यांच्यावर नव्या नोंदी चढतात. त्याआत माणूस पाठवून त्या उतरवल्या नाहीत तर संगणक अंदाजानं खड्डे भरतो. भरू दे. पण बिलावर 'अंदाज' असा शब्द तरी छापा.

व्होल्टेजही तोच मीटर नोंदवतो. 230 च्या वर-खाली 6 टक्के, म्हणजे साधारण 216 ते 244, एवढी तुमची मर्यादा. संध्याकाळी ते 180 वर येतं तेव्हा त्याची नोंद तुमच्याकडे असते. त्यावर ग्राहकाला स्वतःहून एक रुपया भरपाई मिळाल्याचं कुणी ऐकलंय?

आता जरा खासगी बाब. घरात नुसता फ्रीज चालू असेल तर अर्ध्या तासाच्या नोंदी सपाट दिसतात. सलग चार दिवस सपाट, म्हणजे घर सौंदत्तीच्या यल्लम्माला नाहीतर गणपतीला कोकणात. ही माहिती कंपनीत कोण बघतं, ठेकेदाराकडचं कोण बघतं? 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अशी माहिती घेण्याआधी द्यायची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यायला सांगितलं आहे. त्या अनुसूचीत मराठी आहे, साहेब. कन्नडला आमचा विरोध नाही, आम्ही ती बोलतो. पण ज्या कागदावर माणूस सही करतो तो त्याला वाचता यावा, एवढ्यावर सीमाभागात 1956 पासून भांडावं लागतंय. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 ला आले आणि मुख्य बंधनं लागू व्हायला 18 महिन्यांची मुदत मिळाली. आम्हाला बिल भरायला मिळते तेवढीच मुदत तुम्हाला दिली असती तर?

आणि आज ना उद्या जोडणी तोडणंही एका बटणावर येईल, मीटरच्या पोटात त्याचा स्विच आहेच. वीज कायदा 2003 चं कलम 56 मात्र थकबाकीवर वीज तोडण्याआधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस मागतं. खांबावर चढावं लागायचं तेव्हा लाईनमन निदान दारात हाक मारायचा, चार दिवसांची सवड द्यायचा. बटण कुणाला हाक मारणार?

पलीकडे चंदगड-गडहिंग्लजला स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकाला जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेत युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया सवलत आहे. तिकडेही लोक या मीटरवर चिडलेलेच आहेत, तो भाग वेगळा. पण काहीतरी हातावर ठेवलं. इथे काय ठेवलंत? आमच्या फ्रीजचा अर्ध्या तासाचा हिशोब तुम्हाला हवा, आणि राज्यातल्या शेतीपंपांची अब्जावधी युनिट वीज वर्षानुवर्षं अंदाजानं लिहायची. गळतीचं पाणी त्या अंदाजात मुरतं आणि दरवाढीच्या वेळी आमच्या अंगणात वर येतं. शेतकऱ्याला फुकट वीज द्या, जरूर द्या, पण मोजून द्या.

तर मागणी अशी. रोजचा आकडा ग्राहकाच्या मोबाईलवर मराठी-कन्नडमध्ये पाठवा. दिवसातून एकदा मीटर वाचून ती माहिती ग्राहकाला द्यायची, हे केंद्राच्या नियमांत 2023 पासून आहे. रीडिंगबद्दल तक्रार आली तर पाच दिवसांत दुसरा मीटर लावून किमान तीन महिने पडताळायचं, हे 2024 पासून आहे. काउंटरवर हा नियम दाखवला तर 'साहेब मीटिंगला गेलेत' असं ऐकायला मिळतं. आणि अर्थ लोडिंगची यादी आधी लाईनमनला द्या. तोवर त्या 110 युनिटांवर गृहज्योती काढून घेऊ नका.

आपला,
एक वीज ग्राहक, वडगाव, बेळगाव

ता. क.: याच पत्राची कन्नड प्रत सोबत जोडली आहे. तुमची अडचण होऊ नये म्हणून.