बनवाबनवीतल्या 'चुका'

नाशिक, रविवार

सुन्या भावा,

पिक्चरमधल्या चुकांची तुझी यादी वाचली. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस म्हणून निवांत लिहितोय.

तुझी पहिली तक्रार काय, तर 'अशी ही बनवाबनवी'त लक्ष्या आणि सचिन साडी नेसून घरभर फिरतात आणि घरमालकीणबाईंना कळत कसं नाही. अरे, कळलं तर पिक्चर तिथंच संपला ना! आणि तू त्र्यंबकचा असून हे विचारतोस? आपल्या त्र्यंबकेश्वरातच जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र'त राणी तारामती म्हणून अण्णा साळुंके या पुरुषाला उभं केलं, १९१७ च्या लंकादहनात तर राम पण तेच आणि सीता पण तेच, आणि पब्लिकनं चालवून घेतलंच की. तिथं तर हसायचं पण नव्हतं.

पण म्हणून सगळंच माफ, असं मी म्हणत नाहीये हां. बनवाबनवीचा नियम एकच, पकडलं जायचं नाही. समजा बाईंच्या डोळ्यांदेखत पार्वती झालेल्या लक्ष्याचा विग गळून पडला असता आणि पुढच्या सीनला जणू काही झालंच नाही, तर मी पण तुझ्या बाजूनं भांडलो असतो, कारण मग ती सगळी पळापळ कशासाठी? भीती गेली की हसू पण गेलं.

दुसरं ते 'एअरप्लेन' या इंग्रजी कॉमेडीचं, १९८० चं. पडद्यावर जेट आणि आवाज पंख्याच्या विमानाचा, म्हणून तू साउंडवाल्याला शिव्या घातल्यास. येड्या, तो मुद्दाम केलेला जोक आहे! १९५७ च्या ज्या सिरियस पिक्चरची त्यांनी खेचलीये त्यातलं विमान पंख्याचंच होतं. आवाज सुधारला की जोक मेला. माझी टेस्ट हीच, चूक दुरुस्त करून बघायची, हसू गेलं तर ती चूक नव्हती.

राहिला तुझा चहाचा कप, या शॉटला भरलेला अन् पुढच्या शॉटला अर्धा. ती चूकच, मान्य. पण एडिटरला बहुतेक वेळा दिसलेली असते रे ती. एका टेकमध्ये कप बरोबर असतो आणि डायलॉग अर्धा सेकंद उशिरा पडतो, दुसऱ्यात टायमिंग कडक आणि कपाचा बट्ट्याबोळ, मग तो काय घेणार? वॉल्टर मर्च म्हणून मोठा एडिटर आहे, कट कुठे मारायचा याच्या हिशोबात त्यानं भावनेला ५१ टक्के दिलेत आणि माणसं-वस्तू जागच्या जागी असण्याला फक्त ४. कॉमेडीत तर अशोकमामांनी डायलॉग मारला की कपाकडे बघतो कोण? तू सोडून.

शनिवारी ये, मिसळ माझ्याकडून. यादी पण आण, पण कप सोडून बाकीचं खोडून आण.

तुझाच,
पक्या