पावसाळ्याचे तीन महिने

येडशी,
दि. १८ जून

चि. वैशालीस अनेक आशीर्वाद.

परवा तुला लातूरच्या एस.टी.त बसवून परतताना पाऊस लागला आणि पेरणी साधणार याचा आनंद होण्याआधी मनात आले, की १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत ताडोब्याचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग बंद, म्हणजे तुझे सफारीचे काम अर्ध्यावर. जेवताना मामांसमोर ‘ते तीन महिने कोण पोसणार’ असे मी बोलायला नको होते. भोवतालचा बफर चालू असतो, हे तू दोनदा समजावलेस. पण भर पावसात बफरमध्ये पाहुणे येतात तरी किती? असो, हा विषय काढायचा नाही असे ठरवूनच लिहायला बसलो होतो.

२०२४ च्या डिसेंबरात यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्याचा वाघ चालत आपल्या रामलिंगच्या जंगलात आला, तेव्हा रात्री ज्वारीला पाणी द्यायला कोणी जाईना. तू रजा काढून आलीस आणि पारावर उभी राहून सांगितलेस, की जनावरे गोठ्यात घ्या, शेतात एकट्याने वाकून काम करू नका, ठसा दिसला तर फोटो गावभर न फिरवता वनखात्याला कळवा. ‘पोरीला जंगलात कशाला धाडता’ म्हणणारे तात्या त्या रात्री तुला घरापर्यंत सोडायला आले. पुढे ताडोब्याहून आलेल्या पथकालाही तो वाघ सापडला नाही, याचे मला, खरे सांगतो, बरेच वाटले.

वाघाजवळ गाडी न्यावी म्हणून पाहुण्याने पुढे केलेली पाचशेची नोट तू परत केलीस, हे मी चार जणांना सांगितले आहे. मात्र अशा पाहुण्याने मालकाकडे तक्रार केली तर? माणसाने थोडे जुळवून घ्यावे, वेळ पाहून बोलावे... पुन्हा तेच झाले. क्षमा कर, नोट घेतली असतीस तर मीच बोललो असतो.

तिकडे कोअरच ६२५ चौरस किलोमीटरचा, आपले अभयारण्य जेमतेम २२ चे. म्हणून गावातल्या बायकांच्या घरी पाहुणे उतरवायची तुझी कल्पना मी हसण्यावारी नेली. नंतर सुचले, की आपला रामलिंग तर पावसाळ्यातच भरतो. श्रावणात धबधब्याखाली प्लास्टिकचा खच पडतो, लोक माकडांना बिस्किटे चारतात. त्यांना मोर दाखवणारे, दोन शब्द सुनावणारे कोणी नाही. आई म्हणते, भाकरी-पिठल्याचे ती पाहील. वरच्या खोलीचे पत्रे मी बदलून घेतो आहे.

लाडवांच्या डब्याखाली पाकीट आहे. ते त्या तीन महिन्यांसाठी नाही. परत पाठवू नकोस.

तुझे
आप्पा