शिरस्तेदारसाहेबांचे जाहीर आभार

आदरणीय शिरस्तेदारसाहेब,
सादर नमस्कार.

आमच्या आत्याच्या मिळकतीचे रखडलेले काम अखेर पूर्ण झाले असून शिवाजी पेठेतील घराच्या मालमत्ता पत्रकावर (प्रॉपर्टी कार्डावर) वारसांची नावे लागली आहेत. हे आभार जाहीरपणे मानण्याचे कारण एवढेच की, समोर बसून आपण ते मानू देत नाही. लगेच विषय ऊसदराकडे नेता.

आत्या विधवा आणि निपुत्रिक होती व मृत्युपत्र न करता गेली. तिच्यामागे आजोबांकडून वारसाहक्काने आलेला घराचा हिस्सा आणि शिक्षिकेच्या पगारातून साठवलेल्या मुदत ठेवी राहिल्या. ठेवींवर माझे नामनिर्देशन (नॉमिनी म्हणून नाव) असूनही बँकेने न्यायालयाचा उत्तराधिकार दाखला, म्हणजे मृताचे पैसे घेण्याचा अधिकार देणारा दाखला, मागितला. घराच्या नोंदीला आत्याच्या सासरकडील पुतण्यांनी हरकत घेतली. आणि प्रत्येक कार्यालय दुसऱ्याचा कागद आधी आणा असे सांगू लागले.

आपण आमची सगळी कागदपत्रे वाचून प्रथम दोन्ही प्रश्न वेगळे केले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातील कलम १५ नुसार अपत्यहीन स्त्रीला आईवडिलांकडून वारशाने मिळालेली मिळकत वडिलांच्या वारसांकडे परत येते, मात्र तिची स्वतःची कमाई, पती हयात नसल्यास, पतीच्या वारसांकडे जाते, हे आपण सांगितले तेव्हा आमच्या घरात बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटच्या आजारपणात आत्या आमच्याकडे होती, हे आपल्याला ठाऊक होते. तरीही आमच्या मनासारखे न सांगता कायद्यात जे होते तेच आपण सांगितले, आणि या पत्रात मला सर्वाधिक ऋण मानायचे आहे ते याच गोष्टीचे.

बँकेसाठी अर्जाचा मसुदा आपणच केलात. वैध नामनिर्देशन असताना उत्तराधिकार दाखल्याचा आग्रह धरू नये आणि पूर्ण कागदपत्रे मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढावा, या रिझर्व्ह बँकेच्या सूचनांचा त्यात उल्लेख होता. ‘पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही,’ ही आपली ताकीद मी पाळली आणि इतके दिवस अडलेली रक्कम जमा झाली. आम्ही पेढे घेऊन आलो. आपण पेढा खाल्लात आणि त्याच बैठकीत बजावलेत की नामनिर्देशित व्यक्ती ही केवळ रक्कम स्वीकारणारी असते, मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने बँक ठेवींबाबत २०१० मध्येच हे स्पष्ट केले आहे.

त्यानंतर आजारपणाचा व अंत्यविधीचा खर्च पावत्यांसह मांडून, हिशेबाच्या प्रतीसह उरलेली रक्कम पुतण्यांकडे पोहोचवण्याची व्यवस्था आपण करून दिलीत. पैसे दडपले जातील या शंकेपोटीच त्यांनी घरावर हरकत घेतली होती, हा आपला अंदाज बरोबर निघाला, कारण हिशेब पाहिल्यावर त्यांनी हरकत मागे घेतली. मालमत्ता पत्रकावर नावे लावणाऱ्या भूमापन कार्यालयाला तरीही वारस दाखला, म्हणजे वारस कोण हे सांगणारा न्यायालयाचा दाखला, हवा होता, आणि तो ज्या नियमाखाली मिळतो तो १८२७ चा मुंबई रेग्युलेशन आठ, म्हणजे पेशवाई बुडून दहा वर्षेही झाली नव्हती तेव्हाचा, अजून चालतो हे ऐकून वडील थक्क झाले. जाहीर नोटीस निघाली, कोणी विरोधाला आले नाही आणि दाखला मिळाला.

मधल्या काळात चुलतभाऊ वैतागून ‘हायकोर्टात जाऊ’ म्हणू लागला होता. त्यावर ‘हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं म्हणून आपण तिथं गेलंच पाहिजे असं नाही,’ हे आपले उत्तर आता आमच्या भावकीत म्हणीसारखे वापरले जाते.

दाखल्याची आणि मालमत्ता पत्रकाची प्रत आपल्या संग्रहासाठी सोबत पाठवत आहे. आपण मानधन घेतले नाही, प्रवासखर्चही घेतला नाही, यावर वडील अद्याप नाराज आहेत. ते रविवारी आपल्याकडे येणार आहेत आणि त्यांच्याशी काय बोलायचे ते आता आपणच पाहावे.

आपला नम्र,
आत्याचा भाचा
शिवाजी पेठ, कोल्हापूर