सहीची चौकट रिकामी ठेवली आहे

हर्णै, १५ जानेवारी

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

बर्फाच्या गाडीबरोबर मामा उद्या रत्नागिरीला, मिरकरवाडा बंदरात येतोय, त्याच्याकडे हे पत्र आणि तिळगुळाचा डबा देते आहे. फोनवर बोलले असते, पण फोनवर तू "बघू गं आई" म्हणतोस, तेवढ्यात मागून कुणाची तरी हाक येते आणि बोलणं तिथंच राहतं. म्हणून लिहिते. मासळी उतरवून झाली, जेवण झालं, की मग वाच.

आधी एक कबुली देते. मागच्या गुरुवारी तुमची बोट जयगडच्या आसपास रेंजमध्ये आली तेव्हा मी तुला फोनवर आलेले ओटीपीचे आकडे विचारले. कसला ओटीपी म्हणून तू विचारलंस आणि मी रेशनकार्डाचा म्हणून सांगितलं. ते खोटं होतं. मी सेवा केंद्रात बसून तुझ्या नावानं दहावीचा अर्ज भरत होते. आधारला तुझा नंबर जोडलेला, त्यामुळे तुझ्याशिवाय अर्ज उघडेना. दोन दिवस सकाळी जाऊन बसले, दोन्ही दिवस तू रेंजबाहेर. तिसऱ्या दिवशी लागलास. खरं सांगितलं असतं तर तू आकडे दिले नसतेस, असं मला वाटलं. तुझ्याशी खोटं बोलल्यावर रात्री झोप लागली नाही, म्हणूनही हे पत्र.

'ऑनलाइन' म्हटलं की तुझं तोंड का कडू होतं, ते मला माहीत आहे. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर आलं आणि खाडीच्या अलीकडे आपलीही छपरं गेली. होडी फुटली ती तेव्हाच. कित्येक आठवडे लाईट नव्हती. त्यात शाळा फोनवर. घरात फोन एकच, तो बाबांबरोबर दुसऱ्याच्या बोटीवर. बाबा आले की तू रात्री पाखाडीच्या वरच्या वळणावर जाऊन आठवड्याचे धडे एकदम उतरवून घ्यायचास, कंदील धरून. त्याच पावसाळ्यात कणकवलीकडच्या एका मुलीनं रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास केल्याची बातमी आली होती. ते कात्रण मी तुझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, बघ, ती कशी शिकते. तू काही बोलला नाहीस, पान उलटं करून ठेवलंस. बाबू, तिच्या हातात निदान फोन होता. तुझ्या हातात तोही नव्हता. ते कात्रण मी दाखवायला नको होतं. नववीच्या सहामाहीनंतर तू दप्तर माळ्यावर टाकलंस, तेव्हा सगळे म्हणाले, पोराला अभ्यासाची गोडी नाही. मीही गप्प राहिले. होडीचं कर्ज होतं, हाताला हात हवा होता, हे मोठ्यानं कुणी बोललं नाही.

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की कोकण विभाग राज्यात पहिला, असं पेपरात येतं. मला आनंद होतो आणि पेपर घडी करून बाजूला ठेवते.

आता अर्जाविषयी. वाडीतले गुरुजी आधी १७ नंबरच्या फॉर्मचं बोलले. त्यात शाळेत न जाता, घरी अभ्यास करून राज्य बोर्डाची परीक्षा देता येते, पण सगळे विषय एकदम फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन हंगामात. तुला तेव्हा कोण सोडणार? मग त्यांनीच दुसरी वाट सांगितली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थान (एनआयओएस) म्हणून आहे, केंद्र सरकारचं, १९८९ सालापासून, मुख्य कचेरी नोएडाला. त्याची दहावी इतर बोर्डांच्या दहावीइतकीच धरतात. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षं चालतं आणि त्यात नऊ वेळा परीक्षेला बसता येतं. पाच विषय हवेत, पण ते एकदम द्यावेत असं नाही. यंदा दोन, पुढच्या खेपेस एक, असं चालतं. पास झालेला विषय पास राहतो. पास व्हायला ३३ टक्के. मी गुरुजींना हे दोनदा विचारून घेतलं, कारण मला ते खरं वाटेना.

परीक्षा वर्षातून दोनदा होते, एक एप्रिलच्या सुमारास आणि एक ऑक्टोबरच्या. जानेवारीअखेर नाव नोंदवलं तर ऑक्टोबरची मिळते. आता बघ, मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद. बोट वर ओढलेली, तू घरी. ते ६१ दिवस तू पडवीत जाळी विणत बसतोस, त्यातले सकाळचे दोन तास मला हवेत. जाळीचं मी बघेन, बाबाही आहेत. पडवीच्या कोपऱ्यात पावसाची झडप लागते तिथं प्लॅस्टिक बांधून घेऊ, आणि त्या वेळात तुला कुणी बाजाराला पिटाळणार नाही, हे मी बाबांकडून कबूल करून घेतलंय.

आणि हे फोनवरच्या शाळेसारखं नाही. पुस्तकं पोस्टानं घरी येतात, एकट्यानं वाचून समजावं अशी लिहिलेली. मध्ये प्रश्न, मागे उत्तरं. मराठी माध्यमही आहे, मी तेच टाकलं. प्रत्येक विषयाचा एक गृहपाठ घरी लिहून पाठवायचा, त्याला टीएमए म्हणतात आणि त्याचे २० टक्के गुण धरतात. तेवढा अर्ज नि गृहपाठ पाठवण्यापुरतीच रेंज लागेल. अभ्यासकेंद्र मात्र जवळ नाही. विज्ञानाच्या प्रयोगांना तिथं जावंच लागेल, पहाटेची एसटी धरून. मी बरोबर येईन असं नाही म्हणत, तू आता मोठा आहेस.

विषयांचं मात्र बोलायला हवं. तिथं गणित सोडून दुसरं काही घेता येतं. सेवा केंद्रावरचा मुलगा म्हणाला, काकू, सोपे विषय टाकूया, पोरगा सुटेल. मी गणित आणि विज्ञान ठेवायला लावलं. का, ते सांगते. दिवाळीत माळा झाडताना तुझं दप्तर काढलं. कंपासपेटी गंजलीय. भूमितीच्या वहीत चार पानं प्रमेयं, आणि मागच्या बाजूनं उलटी धरून काढलेलं सहा सिलिंडरचं इंजिन. नोझल कुठं, पंप कुठं, पाणी कुठून आत येतं, सगळं बाण काढून लिहिलेलं. एका बाणापाशी "इथे खारं पाणी खातं" असं लिहिलंयस. चौदा वर्षांचा होतास. तुमच्या बोटीचे तांडेल मला बंदरात भेटले तेव्हा म्हणाले, वहिनी, इंजिनाचा आवाज बदलला की आधी तुमच्या पोराला कळतं. पण आवाज कळतो म्हणून कुणी वर्कशॉपमध्ये घेत नाही. आयटीआयला डिझेल मेकॅनिकला जायचं तर दहावी लागते, गणित-विज्ञान घेऊन. ते सोडून दहावी झालास तर ज्या दारासाठी हे करायचं, तेच बंद राहील. सावकाश कर. गणित शेवटी ठेव, तिसऱ्या वर्षी दे. पण यादीत असू दे.

बाबांना मी सांगितलं. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, फीचे किती? सुकटीचे मी वेगळे काढले होते ते पुरतात, तुझ्या पगारातलं काही नको.

अर्ज पुरा झालेला नाही, बाबू. नाव, जन्मतारीख, पत्ता, दाखला, फोटो, सगळं चढवलं. फोटो मागच्या गणपतीतला, निळ्या शर्टातला. शेवटी सहीची चौकट आली. केंद्रावरचा मुलगा म्हणाला, तुम्हीच करा हो काकू, कोण बघतंय? मी केली नाही. आकडे खोटं बोलून घेतले, तेवढं पुरे. अर्ज तिथंच जतन करून, संदर्भ क्रमांक लिहून घेऊन उठले.

मुदत ३१ तारखेपर्यंत आहे. अमावास्येला बोट लागली की दोन दिवस येशील ना? कोरा कागद आणि काळं पेन कंपासपेटीत घालून फडताळात ठेवलंय. सही तुझी, हो-नाही तुझं. नाही म्हणालास तर मला वाईट वाटेल, ते मी लपवणार नाही, पण तुझ्यामागे पुन्हा कात्रणं घेऊन लागणार नाही.

डबा सगळ्यांत वाट. वरच्या कागदात बांधलेले लाडू तांडेलांना दे, त्यांना कडक आवडत नाहीत म्हणून चिक्कीच्या गुळाचे नाही केले. रात्री वारा सुटतोय, कानाला बांधत जा.

तुझी
आई