बाबा, लॅबमधल्या हाडाची वाट बघत बसू नका

ती. आई-बाबा, सा. न.

फोनवर पायाच्या ऑपरेशनचा विषय काढला की बाबा तुम्ही "बघू दिवाळीनंतर" म्हणता आणि फोन आईकडे देता, म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. शांतपणे वाचा.

तो लॅबमध्ये हाड वाढवतात वाला व्हिडिओ मी पूर्ण बघितला. खोटा नाहीये. पण इन्फेक्शन झालेलं हाड काढल्यामुळे तुमच्या नडगीत साडेपाच सेंटीमीटरची गॅप आहे आणि ती भरायला तसलं हाड आज कुठल्या हॉस्पिटलात मागून मिळत नाही, अजून बरीच वर्षं मिळेल असं मला वाटत नाही. मी रोज हेच काम करते म्हणून एवढं ठामपणे सांगतेय.

आमच्याकडे पाषाणला लॅबमध्ये काय चालतं ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. हाडात जो कॅल्शियम फॉस्फेटचा भाग असतो त्याच जातीच्या मटेरियलची बारीक छिद्रांची पांढरी वडी बनवायची, तिला स्कॅफोल्ड म्हणतात, परसातल्या दोडक्याच्या वेलाला तुम्ही मांडव करता ना तेच काम तिचं, पेशींनी धरून धरून पसरायचं आणि आपलं हाड तयार करायचं. त्या वडीवर बोनमॅरोमधल्या, म्हणजे हाडाच्या आतल्या मगजातल्या पेशी सोडायच्या, वरून गुलाबी मीडियम, म्हणजे पेशींना पोसणारं पाणी, ते पिवळट पडायला लागलं की बदलायचं. काही आठवड्यांनी वडी मधोमध कापून रंग घालून मायक्रोस्कोपखाली धरली की कडेकडेने सगळं हिरवं दिसतं म्हणजे जिवंत पेशी, आणि आत जसजसं जावं तसतसं लाल, म्हणजे मेलेल्या. वडी जितकी जाड तितका लाल भाग मोठा. कारण पेशीला जवळ रक्तवाहिनी लागते, ०.१-०.२ मिलिमीटरच्या आत, त्याच्यापलीकडे ऑक्सिजन पोचतच नाही. आता साडेपाच सेंटीमीटरचा विचार करा. पेशी वाढवणं जगात कित्येकांना जमतं, अडतं ते आतपर्यंत रक्त पोचवण्यात.

माणसांमध्ये झालेलंच नाही असं नाही. इटलीतल्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये तीन पेशंटचं छापलं होतं, हातापायाच्या हाडात ४ ते ७ सेंटीमीटरची गॅप, त्यांच्याच मॅरोतल्या पेशी वाढवून सिरॅमिकच्या वडीवर घालून बसवल्या आणि पुढे सहा-सात वर्षांनी बघितलं तरी टिकून होतं. २००४ मध्ये जर्मनीत कील शहरात एका माणसाचा कॅन्सरमुळे गेलेला खालचा जबडा त्याच्याच पाठीच्या स्नायूत वाढवला, टायटॅनियमच्या जाळीत मटेरियल, मॅरो आणि हाड वाढवणारं प्रोटीन भरून सात आठवडे पाठीत ठेवलं आणि मग काढून तोंडात बसवलं, तो माणूस परत घट्ट अन्न खायला लागला. पण बघा ना, तिथेही डॉक्टरांनी शेवटी माणसाचं शरीरच वापरलं, कारण रक्ताची सोय तिथेच होती. ह्याला वीस वर्षं होऊन गेली तरी ते रोजचं ऑपरेशन झालं नाही, प्रत्येक पेशंटच्या पेशी वेगळ्या वाढवायच्या, खर्च, वेळ, आणि दरवेळी सारखाच रिझल्ट येईल ह्याची खात्री नाही. पुण्यातही कामं चाललीयेत, एनसीएल म्हणजे नॅशनल केमिकल लॅबोरेटरीमध्ये रेशमातल्या प्रथिनापासून हाडातली पोकळी भरायचं मटेरियल बनवण्यावर काम झालंय, मला त्याचा फार अभिमान वाटतो, पण पोकळी भरणं वेगळं आणि नडगीचा अख्खा तुकडा नसणं वेगळं.

आता डॉक्टरांनी जे सुचवलंय ते. इलिझारोव्ह, म्हणजे पायाभोवती बाहेरून रिंगा बसवून त्या पिनांनी हाडाला जोडायच्या. तुम्हाला ते "पिंजरा" म्हणून भीती वाटतेय, मला कळतंय, पण तो पिंजरा म्हणजेच हाड वाढवायची पद्धत आहे, तुमच्या पायातच. सैबेरियात कुर्गानला डॉ. इलिझारोव्ह म्हणून होते, त्यांनी १९५० च्या दशकात ही बसवली. गुडघ्याच्या खाली जिथे हाड चांगलं आहे तिथे अलगद कापतात, पाच-सात दिवस तसंच ठेवतात, मग रिंगचे नट फिरवून तो कापून सुटा झालेला तुकडा रोज १ मिलिमीटर खाली सरकवायचा, तोही एकदम नाही, पाव-पाव मिलिमीटर चार वेळा. तुकडा खाली सरकतो आणि मागे जी जागा मोकळी होते तिथे नवीन हाड तयार होत जातं, आणि त्याच्यात रक्तवाहिन्याही सोबतच वाढतात!! आम्ही लॅबमध्ये ज्याच्यासाठी डोकं फोडतोय ते इथे आपोआप होतं. माझ्यासारखीला तर हे बघून भरून येतं खरंच.

हिशोब करा, साडेपाच सेंटीमीटर म्हणजे सरकवायलाच ५५ दिवस, नंतर ते हाड कडक व्हायला त्याच्या कितीतरी जास्त, म्हणून डॉक्टर आठ-दहा महिने म्हणाले ते वाढवून सांगितलेलं नाही. त्रास होणार. पिनांच्या जागी पाणी येतं, दुखतं, रोज साफ करावं लागतं. तुकडा खाली जाऊन टेकतो तिथे कधीकधी कमरेचं थोडं हाड घालावं लागतं, तेही आधीच सांगून ठेवते. पण रिंग असताना वॉकर धरून, डॉक्टर सांगतील तेवढा भार देत चालायचं असतं, हाडाला भार मिळाला तर ते मजबूत होतं, त्यामुळे खाटेवर पडून राहणं बंद होईल. दुसरी पद्धत आहे ती सिमेंट घालून दीड-दोन महिने ठेवायचं, भोवती पातळ पडदा तयार होतो, मग सिमेंट काढून त्यात कमरेचं हाड भरायचं. तीही चांगली आहे पण तुमच्या कमरेतून एवढं हाड काढण्यापेक्षा डॉक्टरांना पहिली बरी वाटतेय आणि मला पण.

आणि बाबा, तंबाखू. हे मी चिडून लिहीत नाहीये. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नवीन हाड त्याच रक्तवाहिन्यांच्या भरवशावर वाढणार आहे. ऑपरेशन कितीही चांगलं झालं तरी तुम्ही गालात बार धरून बसलात तर ते हाड भरणार नाही, भरलं तरी उशिरा. आई, तू डबी लपवू नकोस, ते दुकानातून आणवतात, त्यांच्याशी सरळ बोल. शुगरच्या गोळ्याही वेळेवर.

दिवाळीनंतर नको. जितके महिने पाय असाच राहील तितके स्नायू बारीक होतात, घोटा आखडतो, मग हाड भरलं तरी चालायला त्रास.

मी पुढच्या गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतलीये, सकाळी अकराची. भोरहून एसटी करू नका, दादाला गाडी करायला सांगितलंय, बाबांना मागच्या सीटवर पाय लांब करून बसवा. सगळे एक्स-रे आणा, ज्या हॉस्पिटलमध्ये इन्फेक्शन झालेलं हाड काढलं तिथला डिस्चार्ज पेपर आणि पूचा रिपोर्ट पण, कुठली अँटिबायोटिक चालली ते त्यात आहे. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न बाबा तुम्ही स्वतः लिहून आणा, माझे मी विचारीनच. रात्री माझ्याकडेच राहायचं.

तुमची,
वैशू