बोटीपेक्षा धक्का बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत युरोपातल्या रिव्हर क्रूझवरचा लेख वाचला. लेख छान होता, फोटोही मस्त, पण अख्ख्या पानात बोटीची बाल्कनी, बोटीतला बुफे, डेकवरची कॉफी आणि शेवटी पॅकेजचे दर, बस्स. ज्या गावांसाठी माणूस एवढा खर्च करून तिकडे जातो ती बिचारी गावं चार ओळींत उरकली. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मी आणि आमचे हे डॅन्यूब नदीवर जाऊन आलो. तेवढ्यावरून माझं ठाम मत झालंय की बोट निवडताना बोट बघायचीच नाही. कारण बोटी सगळ्या जवळपास सारख्याच असतात. माइन नदीवरची आणि माइन-डॅन्यूब कालव्यावरची लॉक, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करणारे दरवाजांचे हौद, १२ मीटर रुंद, त्यामुळे ॲमस्टरडॅम ते बुडापेस्ट अशी आरपार जाणारी कुठलीही बोट साडेअकरा मीटरच्या आतच बांधावी लागते, लांबीही फार तर १३५ मीटर. हा कालवा १९९२ साली पुरा झाला, १७१ किलोमीटरचा आहे आणि एका ठिकाणी तर बोट समुद्रसपाटीपासून ४०६ मीटर उंचीवर चढलेली असते! लॉकमध्ये शिरल्यावर बाल्कनीतून हात बाहेर काढला तर ओली भिंत हाताला लागेल इतकं अंतर, म्हणजे ज्या बाल्कनीसाठी जास्तीचे पैसे भरले तिच्यातून तेवढा वेळ शेवाळ बघायचं. बरं, बोटी सारख्या, जेवणही उन्नीस-बीस, मग फरक कशात? तर बोट कुठल्या धक्क्याला लागते आणि गावात किती तास थांबते यात. आणि नेमकं हेच जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

उदाहरण देते. जर्मनीतल्या पासाउमध्ये बोट जुन्या गावाच्या काठालाच लागली तर खाली उतरलं की पाच मिनिटांत टाऊन हॉल. पण काही बोटी पासाउचं नाव लावून वीसेक किलोमीटरवरच्या विल्सहोफेनला थांबतात, तिथून बस. न्युरेंबर्गला बोट मालवाहू बंदराच्या बाजूला लागते, जुनं शहर तिथून काही किलोमीटर. व्हिएन्नात धक्का राइशब्र्युके पुलापाशी, ते एकवेळ चालतं कारण जवळच मेट्रोची यू-वन लाईन आहे, दहा मिनिटांत थेट श्टेफान्सप्लाट्झ या मधल्या चौकात. आणि डॅन्यूब क्रूझच्या जाहिरातीत प्रागचा फोटो दिसला तर समजून जा की तो भाग बसने आहे, प्रागला डॅन्यूब नाही, तिथे व्ल्टावा आहे. आमच्या बुकिंगवाल्याला धक्क्यांची नावं विचारली तर तो म्हणाला, मॅडम सगळं सेंटरलाच आहे. सगळं नव्हतं.

आता जर्मनीतल्याच रेगेन्सबुर्गचं सांगते, कारण पायी फिरायचं गाव म्हणजे काय ते मला तिथे कळलं. तिथला दगडी पूल ११३५ साली बांधायला घेतला, अकरा वर्षांत पूर्ण केला आणि आजही माणसं त्यावरून चालतात. मोटारगाड्या बंद केल्यात. कमानी एवढ्या बुटक्या की आपल्या बोटीसारखी मोठी बोट खालून जाऊच शकत नाही, तिला बाजूच्या कालव्यातून फिरवून नेतात. ११८९ मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा आपलं सैन्य घेऊन तिसऱ्या धर्मयुद्धाला निघाला तो याच गावातून. पुलाच्या पायथ्याशी सॉसेज भाजणारी एक जुनी बुटकी टपरी आहे, तिच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा, वर्ष घालून. तिथून पाच मिनिटं आत गेलं की एका इमारतीच्या पांढऱ्या भिंतीत अचानक काळे, प्रचंड दगड आणि अर्धी कमान दिसते. रोमन लोकांच्या छावणीचा दरवाजा, इसवी सन १७९ चा! तिकीट नाही, रांग नाही, लोक सायकल टेकवून पुढे जातात.

आणि नॉयफार्रप्लाट्झ नावाचा चौक. इथे ज्यूंची वस्ती होती, १५१९ मध्ये त्यांना गावातून हाकललं आणि त्यांचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, पाडलं. १९९० च्या दशकात खोदकाम करताना त्याचे अवशेष सापडले, मग दानी कारावान या इस्रायली शिल्पकाराने त्याच जागी सिनेगॉगचा नकाशा पांढऱ्या रंगात जमिनीवर उठवला, २००५ साली. खांब होते तिथे आता गोल बुटक्या बैठकी. आम्ही गेलो तेव्हा एक मुलगा त्यातल्या एकीवर बसून आइस्क्रीम खात होता, बाजूला दोन आज्या पिशव्या ठेवून गप्पा मारत होत्या, कुणी कुणाला उठ म्हणत नव्हतं. आमचा ग्रुप तिथे किती थांबला असेल? फोटोपुरता. गाईड बाई चांगल्या होत्या, माहिती पक्की, पण त्यांना तासाभरात पूल, चर्च, टाऊन हॉल सगळं उरकायचं असतं, हातात नंबरचा फलक, आपल्या कानात त्यांचा आवाज, आणि मागून दुसऱ्या बोटीचा ग्रुप येऊन भिडलेला. त्यामुळे माझा सल्ला, गाईडबरोबर सुरुवातीला जा, दिशा कळली की हेडफोन परत करा आणि सांगून सुटा. न सांगता नाही हं, ते माणसं मोजत बसतात.

रस्ते सगळीकडे दगडगोट्यांचे. गुडघे दुखतात त्यांनी जाड तळव्याचे बूटच घालावेत, नव्या चपलांची हौस बोटीत करावी. पण त्या दगडांचा एक फायदा झाला. पाय मुरगळू नये म्हणून मी खाली बघत चालत होते म्हणून घरांच्या दारासमोर फरसबंदीत बसवलेले पितळी चौकोन दिसले, दहा सेंटिमीटरचे. गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९० च्या दशकात हे सुरू केलं. नाझी काळात त्या घरातून ज्यांना नेलं त्यांचं नाव, जन्मसाल, कुठे नेलं आणि काय झालं, एवढंच कोरलेलं. असे एक लाखाहून जास्त दगड युरोपभर बसवलेत. बसच्या खिडकीतून यातलं काहीही दिसत नाही.

पासाउमध्ये तीन नद्या मिळतात, डॅन्यूब, इन आणि इल्झ, तिन्हींचे रंग वेगळे, टोकाला जाऊन उभं राहिलं की हिरवट, तपकिरी आणि काळपट पट्टे वेगवेगळे दिसतात. सगळे तिथल्या चर्चमधल्या ऑर्गन या प्रचंड वाद्यासाठी धावतात, जवळजवळ १८ हजार पाइपांचा आहे, धावायला हरकत नाही. पण टाऊन हॉलच्या भिंतीवरच्या पुराच्या रेघा जरूर बघा. २०१३ ची रेघ माझ्या डोक्याच्या कितीतरी वर, त्या वेळी पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं, आणि त्याच्याही वर फक्त १५०१ ची. नदीवरच्या सहलीत नदी मालक असते हे बुकिंग करतानाच समजून घ्यावं. पाणी वाढलं की बोट पुलाखालून जात नाही, कमी झालं तरी अडकते, २०१८ च्या ऑक्टोबरात ऱ्हाईन नदीवर काउब इथल्या मापपट्टीवर पातळी २५ सेंटिमीटरवर आली होती. मग क्रूझची बसटूर होते, आणि करारात बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतंच.

ड्युर्नश्टाइन हे ऑस्ट्रियातलं टिचभर गाव, निळा मनोरा, वर डोंगरावर पडका किल्ला. ११९२ च्या अखेरीस इंग्लंडच्या रिचर्ड राजाला याच किल्ल्यात डांबलं होतं. चढ अर्ध्या तासाचा, खडबडीत, मी चढले, आमचे हे खाली जर्दाळूचा जॅम चाखत बसले. दिवसा गल्ली माणसांनी भरलेली असते, बोट संध्याकाळी उशिरापर्यंत थांबणारी असेल तर गाव जवळपास तुमचंच. स्लोव्हाकियातल्या, पण पूर्वी हंगेरीच्या राज्यात असलेल्या ब्रातिस्लाव्हात बोटीतून उतरून दहा मिनिटांत जुन्या चौकात पोचता आणि पायाखाली बघितलं तर फरसबंदीत धातूचे छोटे मुकुट, त्यांच्यामागे चालत गेलात की हंगेरीच्या राजांच्या राज्याभिषेकाची मिरवणूक जायची तो रस्ता आपोआप होतो. १५६३ ते १८३० असे राज्याभिषेक तिथे व्हायचे, मारिया थेरेसा राणीचाही तिथलाच, १७४१ चा.

अजून एक, बोटीत तिन्ही वेळा जेवण फुकट असतं म्हणून शेदोनशे माणसं गावात उतरतात, गल्ल्या अडवतात आणि एक कपही न घेता परत जातात. गावातल्या लोकांना याचा राग येतो आणि बरोबरच आहे. एखादं जेवण बोटीवर सोडा, गावात बसून खा.

तर संपादक महोदय, विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा दराच्या शेजारी दोन रकाने वाढवा, बोट नक्की कुठल्या धक्क्याला लागते आणि किती वाजेपर्यंत थांबते. वाचकांनीही बुकिंगवाल्याकडून हे लेखी घ्यावं. आणि हो, जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, गोळ्या-औषधं, पाण्याच्या बाटल्या शनिवारीच घेऊन ठेवा, टॉयलेटसाठी युरोची सुट्टी नाणी खिशात असू द्या.

आपली,
एक नियमित वाचक